सरपणाची बेगमी आणि आपली शाळा

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मी सरपण या विषयावर बोलणार आहे, असे कळल्यावर आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. शिक्षण परिषदेत वाचन, लेखन, गणन यांची चर्चा व्हावयाची. तेथे चुलीत घालावयाच्या लाकडांचे काय काम, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु नुकताच शिमगा झाला आहे. गावोगावच्या होळ्या विझल्या, आणि त्याच वेळी डोंगराकडच्या गावांत घरोघरी दुसरी एक धांदल सुरू झाली. ती धांदल आगोटीच्या सरपणाची. पुढील दोन-अडीच महिने ती चालेल. आपल्या हजेरीपटावर तिच्या खुणा उमटतील. म्हणून हा विषय चुलीपुरता राहत नाही. तो शाळेचाही होतो.

थंड मुलुखांत लोक हिवाळ्यासाठी लाकडे साठवितात. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात ही बेगमी पावसाळ्यासाठी करावी लागते. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे आपण भूगोलात शिकवितोच. पण त्या आकड्याचा घरातला अर्थ आपण क्वचितच सांगतो. त्याचा अर्थ असा की, मृग लागल्यापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत रानात कोरडी काडी मिळत नाही. जे काही जाळावयाचे ते रोहिणीच्या आत घरात आले पाहिजे. तांदूळ नसेल तर शेजारी उसना देईल. परंतु आषाढात कोरडे लाकूड कोणी कोणास उसने देत नाही.

देशावर हीच बेगमी निराळ्या रूपाने होते. तेथे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे फाटे आणि शेणी यांवर भर असतो. उन्हाळाभर थापून वाळविलेल्या गोवऱ्या गोलाकार रचतात, वरून गवत-पाचट घालून शेणाने लिंपतात. कोठे त्यास कलवड म्हणतात, कोठे हुडवा. त्या रचनेतील कौशल्य इतके की, भर पावसात आतली गोवरी कोरडी निघते. ज्या बाईने आपल्या हाताने कलवड रचला तिला कदाचित अक्षर येत नसेल. परंतु पाणी कोणत्या उतारावरून वाहते, वारा कोठून शिरतो आणि ओल कोठून चढते, हे तिला पुरते ठाऊक असते.

आता आपण म्हणाल की, हे सारे जुने झाले. आज घरोघरी गॅस आला आहे. काही अंशी हे खरे आहे. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि ज्या घरांनी आयुष्यात कधी सिलिंडर पाहिला नव्हता त्या घरांत तो पोहोचला. ही मोठीच गोष्ट होय. परंतु शाळाभेटीच्या निमित्ताने मी अनेक घरांत जातो. सिलिंडर कोपऱ्यात असतो आणि चूलही पेटलेली असते. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी तर चुलीवरच. पाहुणे आले तर गॅस, एरवी लाकूड. भरलेला सिलिंडर आणावयास रोख पैसे लागतात. सरपणास मजुरी पडत नाही, असे घरातील मंडळी म्हणतात. ही मजुरी कोण करतो आणि ती का मोजली जात नाही, हाच आजच्या भाषणाचा खरा विषय आहे.

येथे मी माझी स्वतःची एक चूक आपणांपुढे ठेवतो. चूक सांगितल्याने वयाचा मान कमी होत नाही, असे मला वाटते.

1993 सालची गोष्ट. मी नोकरीस नवा होतो. पाटण तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगरकुशीतील एका एकशिक्षकी शाळेत माझी नेमणूक होती. गावातील बहुतेक पुरुष मुंबईस माथाडी कामास. गावात म्हातारी माणसे, बाया आणि मुले. चैत्र महिना, सकाळची शाळा. मला वक्तशीरपणाचा फार अभिमान होता. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, पाढे म्हणताना कधी अडखळत नसे. परंतु होळीनंतर ती रोज उशिरा येऊ लागली. कधी अर्धा तास, कधी तास. विचारले तर मान खाली घालून उभी राही. मी तिला शिस्त लावावयाची म्हणून ओसरीत उभे करू लागलो. असे मी अकरा दिवस केले. हा आकडा मी विसरलेलो नाही, कारण पुढे तो मी हजेरीपटावरून मोजून काढला.

बाराव्या दिवशी ती आलीच नाही. त्यापुढचे तीन दिवसही नाही. मी रागारागाने तिच्या घरी गेलो. घरात तिची आजी चुलीपुढे बसली होती. फुंकणीने फुंकर घालीत होती, आणि चुलीतून ज्वाळा न निघता नुसता धूर निघत होता. तिचे डोळे लाल झाले होते. मी नातीबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, पाऊस काय तुमची परीक्षा हुयाची वाट बघतोय व्हय?" मुलगी पहाटेच आईबरोबर रानात गेली होती. आई पुढे परस्पर मजुरीस जाई, आणि मोळी घेऊन मुलगी एकटी परत येई. मोळी टाकून, तोंडावर पाणी मारून ती शाळेत येत असे, आणि मी तिला ओसरीत उभे करीत असे.

पुढच्या रविवारी मी त्या दोघींबरोबर रानात गेलो. घरापासून साधारण तीन किलोमीटर चढ. तेथे पडलेल्या फांद्या, वाळलेली कारवी, करवंदीच्या जाळ्यांतील काटक्या गोळा करावयाच्या, कोयत्याने सारख्या मापाने तोडावयाच्या, रानवेलीने बांधावयाच्या, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून उतरावयाचे. मी एक मोळी घेतली. अर्ध्या वाटेत माझी मान भरून आली आणि मी ती खाली टेकविली. त्या मुलीने मात्र वाटेत कोठेही मोळी टेकविली नाही; कारण एकदा खाली ठेवली की पुन्हा उचलून द्यावयास कोणीतरी लागते, आणि रोज ती एकटीच असे. गावात आल्यावर वाण्याच्या काट्यावर तिची मोळी मी तोलली. एकोणीस किलो भरली. मग मुलीस तोलले. ती चोवीस किलो भरली.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मला जे गणित समजले ते अध्यापक विद्यालयात मला कोणी शिकविले नव्हते. तेच आज आपण फळ्यावर मांडू.

समजा, एका घरास रोज पाच किलो सरपण लागते. पावसाळ्याचे दिवस एकशेवीस धरले, तर सहाशे किलो झाले. एका मोळीस वीस किलो धरले, तर तीस मोळ्या. रान तीन किलोमीटर दूर असेल, तर एका खेपेस जाऊन-येऊन सहा किलोमीटर. तीस खेपांचे एकशेऐंशी किलोमीटर. म्हणजे साताऱ्याहून पुण्यास जाऊन, परतीची निम्म्याहून अधिक वाट चालून यावे इतके. त्यातील निम्मे अंतर डोक्यावर भार घेऊन. आणि हे केवळ पावसाळ्याच्या बेगमीचे. रोजच्या जळणाचे निराळेच. आपल्या गावचे आकडे याहून कमी असतील वा अधिक असतील. ते मुलांनीच काढावेत. चौथी-पाचवीच्या मुलास गुणाकार-भागाकाराचे याहून जिवंत उदाहरण कोणते मिळणार? ज्या उत्तराखाली आपल्या आईचे पाय दिसतात ते उत्तर मूल विसरत नाही.

1937 साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला. त्यातून समवाय हा शब्द आपल्या शिक्षणशास्त्रात रूढ झाला. हाताचे काम आणि बुद्धीचे ज्ञान यांचा सांधा जुळविणे म्हणजे समवाय. काळ बदलला, अभ्यासक्रम बदलले, आज आपण त्यास अनुभवाधारित शिक्षण म्हणतो. परंतु मूळ मुद्दा तोच आहे. म्हणून सरपण हा विषय घेऊन कोणकोणते ज्ञान देता येईल, याचा थोडा तपशील सांगतो.

प्रथम विज्ञान. ओले लाकूड का जळत नाही? मुले म्हणतील, पाणी असते म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात बहुधा निम्म्याच्या आसपास पाणीच असते. म्हणजे वीस किलोची ओली मोळी डोक्यावरून आणणारी बाई सुमारे दहा किलो पाणी वाहून आणते, आणि ते पाणी चुलीच्या कामाचे नसते. पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करावयास 540 कॅलरी लागतात. या दोन आकड्यांवरून वरच्या वर्गातील मुले हिशेब करतील, तेव्हा त्यांना एक नवल दिसेल. पाण्याची वाफ करण्यात जी उष्णता जाते, ती एकूण उष्णतेच्या मानाने फार मोठी नाही. मग ओले लाकूड इतका छळ का करते? कारण असे की, वाफ होत असताना लाकूड तापत नाही. लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू पेट घेण्याइतकी उष्णता चुलीत टिकत नाही. ते वायू न जळताच धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे वाया गेलेले जळण होय. त्या आजीच्या चुलीतून ज्वाळेऐवजी धूर निघत होता याचे कारण हेच. घाईने आणलेले अर्धओले लाकूड ती जाळीत होती.

हा धूर केवळ डोळ्यांत पाणी आणून थांबत नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे अतिसूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात घरातील अशा धुराने जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली. चुलीपुढे बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचे मूल, यांना त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो. हे मुलांस भीती घालण्यासाठी सांगू नये. खिडकी उघडी ठेवावी, लाकूड वाळवून जाळावे, लहान भावंडास चुलीपासून दूर बसवावे, हे त्यांनी घरी जाऊन सांगावे यासाठी सांगावे.

दुसरा प्रयोग अगदी सोपा आहे. शाळेच्या आवारात मनगटाएवढ्या जाडीचे दोन ताजे तुकडे घ्यावेत, सारख्या लांबीचे. एक उभा फोडून त्याच्या चिरफळ्या कराव्यात, दुसरा तसाच सालीसकट ठेवावा. दर शनिवारी दोन्हींचे वजन करून फळ्यावर लिहावे. दोन किलोचा तुकडा चौदाशे ग्रॅमवर आला तर वजन शेकडा किती घटले, हे शेकडेवारीचे उदाहरण झाले. वजनाचा आलेख काढावा. तो आधी वेगाने उतरेल, मग मंदावेल, मग जवळजवळ आडवा होईल. आडवा झाला की लाकूड हवेत जितके वाळावयाचे तितके वाळले. फोडलेला तुकडा आधी वाळतो हे मुलांच्या ध्यानात येईल. कारण साल ही झाडाची कातडीच होय, आणि ती पाणी आत धरून ठेवते. वाळलेल्या लाकडाच्या दोन तुकड्यांवर आपटून पाहिले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. वाळलेल्याच्या टोकांस मध्यापासून कडेकडे चिरा पडतात. या खुणा गावातील प्रत्येक आजीस ठाऊक आहेत. एखाद्या आजीस शाळेत मानाने बोलावून त्या तिच्याच तोंडून मुलांस ऐकवाव्यात. मग आपण त्यामागील कारण सांगावे.

तिसरी गोष्ट रचण्याची. सरपण आणणे हे अर्धे काम; ते रचणे हे उरलेले अर्धे. नीट न रचलेले लाकूड घरात असून नसल्यासारखे. त्याचे नियम थोडे आहेत. जमिनीवर थेट रचू नये. खाली दगड किंवा जाड ओंडके टाकून वीतभर उंची घ्यावी, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवी लागली तर दृष्टीस पडते. भिंतीस टेकवून रचू नये. हात जाईल इतकी फट ठेवावी, म्हणजे वारा फिरतो. दोन्ही टोकांस लाकडे एक थर उभा, एक थर आडवा अशी चौकटीसारखी रचावीत. मधली चळत मग ढासळत नाही. सर्वांत वरच्या थरातील फोडी साल वर करून ठेवाव्यात, म्हणजे पागोळीचे चार थेंब पडले तरी सालीवरून ओघळून जातात. वरून झाकण असावे, पण बाजू उघड्या असाव्यात. आजकाल प्लास्टिकचा कागद चोहोबाजूंनी गुंडाळण्याची रीत पडली आहे. तिने बाहेरचा पाऊस थांबतो, पण आतली वाफही कोंडते, आणि लाकडास बुरशी येते. जाड लाकूड तळाशी, मधले मध्ये आणि ढलप्या-काटक्या निराळ्या, अशी प्रतवारी केली म्हणजे पहाटेच्या अंधारात हवे ते हाती लागते. चळत मुलाच्या छातीहून उंच करू नये. श्रावणातील हवा इतकी दमट असते की, छपराखालचे लाकूडही थोडी ओल पुन्हा शोषून घेते. म्हणून तीन-चार दिवसांचे जळण चुलीच्या उबेस, पण ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर आणून ठेवावे.

या चळतीवर भूमितीचा एक उत्तम पाठ होतो. लांबी, रुंदी, उंची मोजून घनफळ काढावे. मग विचारावे, हे सारे घनफळ लाकडाचे आहे काय? मुले फटी पाहतील आणि नाही म्हणतील. फोडलेल्या लाकडाच्या बऱ्या चळतीतही सुमारे एकतृतीयांश पोकळीच असते. ही पोकळी वाया गेलेली नाही, वाऱ्याची वाट आहे, हे त्यांस उमगले म्हणजे भूमिती आणि विज्ञान एका जागी आली.

येथे सुरक्षिततेचे दोन शब्द. लाकडाच्या राशीत विंचू असतो, सापही असतो; कोकणात फुरशाचा धोका विशेष. म्हणून फटीत हात घालू नये, लाकूड वरून उचलावे, आधी काठीने हलवावे, आणि संध्याकाळी विजेरी घेतल्यावाचून राशीकडे जाऊ नये. तसेच कोणते लाकूड चुलीत घालू नये, हेही मुलांस माहीत असावे. कण्हेरीचे लाकूड विषारी. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो आणि त्याचा धूरही बाधतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यास अपाय होतो. रंग दिलेली फळकुटे आणि प्लास्टिक तर चुलीत कदापि घालू नये. याउलट बाभूळ, धावडा, खैर यांचे लाकूड जड, निखारा टिकविणारे. सावर, पांगारा यांचे हलके, भुर्रकन जळून जाणारे. ही माहिती मुलांकडून घरी विचारून आणवावी. एकेका झाडाचे नाव, त्याच्या लाकडाचा गुण आणि वापर यांचा तक्ता वर्गात लावावा. तो आपल्या परिसराचा खरा वनस्पतिशास्त्राचा धडा होईल. वड, पिंपळ, औदुंबर यांची लाकडे चुलीत घालू नयेत असा संकेत अनेक घरांत आहे. ती झाडे का राखली असतील, यावर मुलांस बोलते करावे.

चौथी गोष्ट नागरिकशास्त्राची. रान कोणाचे, हा प्रश्न मुलांच्या घरात रोज विचारला जातो. रानातून काय आणता येते आणि काय नाही, याविषयी गावात भय आणि अज्ञान दोन्ही असतात. वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुंधे यांचा उल्लेख आहे, आणि पात्र वनवासी कुटुंबांस व ग्रामसभेस हक्क मागण्याचा मार्ग आहे. याचा अर्थ उभे झाड तोडण्याची मोकळीक मिळाली असा नव्हे. झाडतोडीस परवानगीचे निर्बंध आहेतच. हक्क आणि मर्यादा दोन्ही सांगणे, हे शिक्षकाचे काम होय. जे लाकूड पडले आहे, वाळले आहे, ते घ्यावे. जेथे फांदी छाटण्याचा अधिकार आहे तेथेही झाड पुन्हा फुटेल अशी छाटावी. पोकळ वाळके खोड एखादे राहू द्यावे, कारण त्यात घुबडाचे आणि पिंगळ्याचे घर असते. रानातली प्रत्येक काडी उचलून नेली तर मातीस खत कोठून मिळणार?

आणि रानावरचा भार कमी करावयाचा तर जळण बांधावर पिकविले पाहिजे. गिरिपुष्प, शेवरी, सुबाभूळ ही झाडे छाटली तरी पुन्हा फुटतात. गिरिपुष्पाचा पाला शेतास खत होतो, फाटे चुलीस होतात. शाळेच्या कुंपणास गिरिपुष्पाची खुंटे पावसाळ्याच्या तोंडी लावली तर ती जगतात. तीच पुढे मुलांनी आपापल्या बांधावर न्यावीत. तसेच वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या मगन चुलीपासून आजवर कमी धुराच्या आणि कमी लाकडावर चालणाऱ्या चुलींचे अनेक प्रयत्न झाले आहेत. अशी एखादी सुधारलेली चूल गावात कोणाकडे असेल तर वर्गाची सहल तेथे न्यावी. सारखेच पाणी, सारखेच लाकूड. कोणत्या चुलीवर आधी उकळते, हे घड्याळ लावून मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावे.

आता शेवटची गोष्ट. आणि ती मी विनंती म्हणून नव्हे, तर आग्रहाने सांगतो.

वर सांगितलेला सर्व पाठ ज्ञानासाठी आहे. त्याच्या नावाखाली मुलांकडून श्रम करवून घेऊ नयेत. शाळेच्या पोषण आहारासाठी मुलांनी काटक्या आणाव्यात, गुरुजींच्या घरी एक मोळी टाकावी, असे पूर्वी चालत असे. कोठे अजून चालत असेल, तर ते आजपासून बंद व्हावे. मूल शाळेत शिकण्यासाठी येते. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याने मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही आणि शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता येत नाही. परंतु कायदा हजेरीपटावरील नाव राखतो. त्या नावामागचे मूल आपणच राखावयाचे आहे.

म्हणून आपल्या हजेरीपटात फाल्गुन-चैत्रातील नोंदी निराळ्या काढून पाहाव्यात. कोण उशिरा येते? कोण सोमवारी नसते? त्यात मुली किती, मुलगे किती? हा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. पालकांस दोष देऊ नये. ज्या घरात कर्ता माणूस मुंबईस आहे आणि आई मजुरीस आहे, त्या घरास दोष देऊन काय मिळणार? त्याऐवजी गावासच विचारावे की, चार रविवारी तरणी मुले बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेऊन एकट्या बायांच्या घरांचे सरपण का आणू शकणार नाहीत? गावची होळी सारे मिळून रचतात. मग विधवेच्या दारातली चळत सारे मिळून का रचणार नाहीत? होळीची लाकडेही आटोपती घेऊन उरलेली अशा घरी द्यावीत, असे सुचवून पाहावे. आणि उशिरा आलेल्या मुलीस ओसरीत उभे न करता, आत बसवून, कालचा राहिलेला पाठ मधल्या सुटीत द्यावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. मी चूक दुरुस्त करण्याचा यत्न केला. गावात बोललो, दोन रविवारी माणसेही जमली, तिचे सरपण रोहिणीच्या आत घरात आले. ती चौथी उत्तीर्ण झाली. परंतु पाचवीची शाळा चार किलोमीटरांवर दुसऱ्या गावी होती, आणि तेथील हजेरीपटावर तिचे नाव कधी चढले नाही. माझी बदली झाली.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी शाळाभेटीस गेलो असता पालकसभा चालू होती. सभा संपल्यावर एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी मला ओळखले. नमस्कार केला. मला वाटले, त्या पाढ्यांची आठवण काढतील. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही आता मोठं सायेब झालाय. इथल्या बाईंना येवढं सांगा, माझ्या पोरीला उशीर झाला तर तिला आत बसू द्या."

मी तिच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेस ते सांगितले. आज आपणा सर्वांस सांगत आहे. पाऊस परीक्षेची वाट पाहत नाही, हे त्या आजीचे बोलणे खरे होते. परंतु शाळा मुलीची थोडी वाट पाहू शकते. तेवढी वाट आपण या चैत्रात पाहावी, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.